चित्रातली मराठी: दिव्यांग ग्राहक, व्यवसायांची संकेतस्थळे आणि एका बंद दाराचा इतिहास

१/ वारजे माळवाडीतल्या एखाद्या पोळीभाजी केंद्राची कल्पना करावी. मालकाने हौसेने संकेतस्थळ करून घेतले आहे. वर गणपती, खाली केशरी चौकटीत आठवड्याचा मेनू आणि दर. जवळच राहणारी एक दृष्टिहीन शिक्षिका मोबाइलवर ते संकेतस्थळ उघडते. तिच्या फोनमधला स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो. मेनूपाशी आल्यावर तो एकच शब्द उच्चारतो: ‘इमेज’. पुढच्या बटणावर म्हणतो: ‘बटण’. कसले बटण, ते कळत नाही.

२/ मालकाने हे जाणूनबुजून केलेले नाही. त्याने मेनू मराठीतच दिला, सुवाच्य दिला. पण तो मजकूर म्हणून दिला नाही, चित्र म्हणून दिला. ही चूक एका दुकानाची वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे ब्रेल लिपी, पुण्यात घडलेले संगणकीय टंक, बँकांचे काउंटर आणि सर्वोच्च न्यायालय एवढा मोठा इतिहास उभा आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

३/ आरंभासाठी वारजे योग्य आहे. मुठेकाठचे हे गाव १९९७ च्या हद्दवाढीत पुणे महापालिकेत आले आणि महामार्गाच्या दोन्ही अंगांनी बघता बघता उपनगर झाले. शेजारच्या कोथरूडमध्ये अंध मुलींची शाळा आहे. पुण्यातील अंधशिक्षणाची ही परंपरा १९३४ साली स्थापन झालेल्या ‘पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड’पर्यंत मागे जाते. या भागातल्या रिक्षावाल्यांना, दुकानदारांना पांढरी काठी अनोळखी नाही. रस्ता ओलांडताना हात देणारे येथे पुष्कळ भेटतात. पडद्यावर मात्र त्याच शेजाऱ्याचा विसर पडतो.

४/ प्रथम अक्षरांचा इतिहास. १९०० साली अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंधांसाठी शाळा सुरू केली. तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. १९०२ मध्ये ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. अशा शाळांतून वाचन, संगीत आणि वेताच्या खुर्च्या विणण्यासारखी कामे शिकवली जात. त्या काळाच्या मानाने हे मोठे पाऊल होते. पण समाजाच्या नजरेत अंध व्यक्ती एक तर मदत घेणारी होती, नाही तर वस्तू बनवणारी. ती दुकानात जाऊन दर विचारणारी, निवड करणारी ग्राहक असेल, ही कल्पना अजून दूर होती.

५/ दुसरी अडचण लिपीची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात एकच ब्रेल नव्हती. निरनिराळ्या शाळांनी आणि मिशनांनी आपापल्या भाषांसाठी निरनिराळे संकेत बसवले होते. सहा ठिपके तेच, अर्थ वेगळे. त्यामुळे एका शाळेत छापलेले पुस्तक दुसऱ्या शाळेतल्या विद्यार्थ्याच्या बोटांना परके वाटे. मुळात ब्रेल पुस्तके थोडी. त्यांतही ही फाटाफूट.

६/ हा गोंधळ १९५१ मध्ये ‘भारती ब्रेल’ने मिटवला. तिच्यामागची कल्पना साधी आणि दूरदर्शी होती: भारतीय लिप्यांची वळणे वेगळी असली तरी वर्णमाला बहुतांशी समान आहे, म्हणून एका ध्वनीला एकच ठिपकेरचना द्यावी. ‘क’ म्हणजे पहिला आणि तिसरा ठिपका. मराठीत तोच, बंगालीत तोच, तमिळमध्येही तोच. अक्षर दिसते कसे हा प्रश्न मागे पडला. अक्षर आहे कोणते, याला महत्त्व आले. हा भेद लक्षात ठेवावा. पुढचा सारा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

७/ १९५२ मध्ये मुंबईत ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ ही संस्था उभी राहिली. ब्रेल साहित्य, शिक्षण, रोजगार यांना संघटित बळ मिळाले. तरी ब्रेलची एक मर्यादा होती. क्रमिक पुस्तक ब्रेलमध्ये छापता येई. पण विजेचे बिल, बँकेचे पत्र, किराण्याची यादी, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी ब्रेलमध्ये कोण देणार? ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागे. याचा अर्थ असा की आपल्या खात्यात किती पैसे आहेत आणि आपल्याला कोणता आजार आहे, हे आधी दुसऱ्याला कळे.

८/ संगणकाने ही अडचण दूर होण्याची शक्यता प्रथमच निर्माण केली. संगणकात अक्षर चित्र म्हणून साठवले जात नाही, एका क्रमांकाने साठवले जाते. तो क्रमांक ओळखून यंत्राला ते अक्षर उच्चारता येते. अपघातात दृष्टी गमावलेले अमेरिकन अभियंते टेड हेंटर यांच्या कंपनीने १९८९ मध्ये ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर आणला. इंग्रजीच्या अंध वाचकाला आता पडद्यावरचा मजकूर कानांनी वाचता येऊ लागला. अट एकच: मजकूर खरोखर मजकूर असला पाहिजे.

९/ भारतीय लिप्यांसाठी ही अट पूर्ण करण्याचा पाया आयआयटी कानपूर आणि पुणे येथे घातला गेला. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कानपूरला विकसित केलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’मध्ये वाढले. त्यातूनच ‘इस्की’ ही संकेतप्रणाली आली. १९९१ मध्ये ती भारतीय मानक ठरली. तिचे तत्त्व कोणते? समान वर्णमालेतील एका ध्वनीला सर्व लिप्यांत एकच क्रमांक. भारती ब्रेलने चाळीस वर्षांपूर्वी ठिपक्यांसाठी जे केले, तेच येथे संगणकासाठी झाले.

१०/ मग मराठी अडखळली कोठे? छापखान्यात. डीटीपीच्या लाटेत मराठी मुद्रणाला सुंदर टंक हवे होते, आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या ‘श्रीलिपी’सारख्या सॉफ्टवेअरने ते दिले. वृत्तपत्रे, दिवाळी अंक, लग्नपत्रिका यांचे रूप पालटले. या टंकांची युक्ती अशी होती: फाइलमध्ये साठवायची रोमन अक्षरे आणि चिन्हे, त्यांवर चढवायचा देवनागरी मुखवटा. पडद्यावर आणि कागदावर ‘पुणे’ उमटे. फाइलच्या पोटात मात्र अर्थहीन रोमन चिन्हांची ओळ असे.

११/ कागदाला याचे सोयरसुतक नव्हते. शाई उमटली की काम झाले. पण १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले आणि मराठी मजकूर जाळ्यावर येऊ लागला, तो याच सवयी घेऊन. कोठे ‘आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या’ अशी सूचना असे, कोठे अख्खे पान चित्ररूपात चढवलेले असे. टंक नसलेल्या डोळस वाचकाला चिन्हांचा कचरा दिसे. टंक मिळाला की त्याचा प्रश्न सुटे. अंध वाचकाचा सुटत नसे. त्याचा स्क्रीन रीडर मुखवटा पाहत नाही, पोटातली चिन्हे वाचतो.

१२/ याचा परिणाम विलक्षण होता. पुण्यातला अंध विद्यार्थी परदेशातले इंग्रजी वृत्तपत्र ऐकू शके, आपल्याच शहरातले मराठी पान ऐकू शकत नसे. मातृभाषा त्याच्या घरी होती, शाळेत होती, ब्रेलमध्ये होती. जाळ्यावर ती असूनही त्याच्यापुरती नव्हती.

१३/ उपाय हळूहळू आला. युनिकोडच्या १९९१ मधल्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, आणि तिची मांडणी इस्कीवरच आधारलेली होती. विंडोज २००० पासून सर्वसामान्य संगणकावर तिला आधार मिळाला. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी ‘एनव्हीडीए’ हा विनामूल्य स्क्रीन रीडर सुरू केला. पुढे मराठीसाठीही मुक्त आवाज उपलब्ध झाले. २००९ मध्ये भारत सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक स्वीकारले. तांत्रिकदृष्ट्या भिंत पडली होती.

१४/ पण सवय पडली नव्हती. जाहिराती रचणाऱ्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड देवनागरीची जोडाक्षरे बरीच वर्षे तुटत. त्यामुळे रचनाकार जुन्याच टंकात काम करी आणि शेवटी सारे चित्र करून ग्राहकाच्या हाती देई. तीच चित्रे व्हॉट्सॲपवर फिरली, तीच संकेतस्थळांवर चढली. वारज्याच्या पोळीभाजी केंद्राचा मेनू हा त्या साखळीचा शेवटचा दुवा. मालकाला वाटते, आपण मराठीत लिहिले आहे. यंत्राच्या लेखी तेथे एक अक्षरही नाही.

१५/ आता दुसरा इतिहास: ग्राहक म्हणून उभे राहण्याचा. याची मोठी लढाई बँकेच्या काउंटरवर झाली. अनेक बँका दृष्टिहीन व्यक्तीला धनादेश पुस्तिका, एटीएम कार्ड किंवा लॉकर देत नसत. कारण काळजीच्या सुरात सांगितले जाई: ‘तुमची फसवणूक होईल.’ पैसे त्यांचे, पण ते वापरण्याची मुभा दुसऱ्याच्या सोबतीवर अवलंबून. संरक्षणाच्या नावाखाली प्रौढ माणसाला अज्ञान बालकाच्या पंक्तीला बसवले जात होते.

१६/ याविरुद्ध दिव्यांगांच्या मुख्य आयुक्तांकडे २००३ मध्ये प्रकरण दाखल झाले. ५ सप्टेंबर २००५ रोजी आयुक्तांनी आदेश दिला की दृष्टिहीनांना सर्व बँकसुविधा मिळाल्या पाहिजेत. ४ जून २००८ रोजी रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना परिपत्रक पाठवले: धनादेश पुस्तिका, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, किरकोळ कर्ज, क्रेडिट कार्ड यांपैकी काहीही भेदभावाने नाकारू नये. त्या यादीतील ‘नेट बँकिंग’ हा शब्द महत्त्वाचा. संकेतस्थळावरील व्यवहार हाही व्यवहारच आहे, हे तेथे गृहीत धरले गेले.

१७/ सुविधा नाकारू नये, एवढे पुरत नाही. ती वापरता आली पाहिजे. एप्रिल २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले की नव्या एटीएमपैकी किमान एक तृतीयांश बोलणारी आणि ब्रेल कळफलक असलेली असावीत. नुसत्या ब्रेल कळांनी भागत नाही, कारण कळ कोणत्या आकड्याची ते कळले तरी पडदा काय विचारतो ते कळत नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून काम करणाऱ्या दृष्टिहीनांच्या संसाधन केंद्राने या कामी बरीच खटपट केली. जून २०१२ मध्ये युनियन बँकेचे बोलणारे एटीएम अहमदाबादला सुरू झाले.

१८/ इकडे एटीएमचा प्रश्न सुटत असताना जगात संकेतस्थळांचा प्रश्न न्यायालयांत पोहोचला होता. जागतिक जाळ्याची मानके ठरवणाऱ्या ‘डब्ल्यू३सी’ने १९९७ मध्ये सुगम्यतेचा उपक्रम सुरू केला आणि मे १९९९ मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने तक्रार केली की सिडनी ऑलिंपिकचे संकेतस्थळ आपल्याला वाचता येत नाही. २००० साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. आयोजकांना २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली.

१९/ व्यापाऱ्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा खटला २००६ मधला. अमेरिकेतील अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने ‘टार्गेट’ या दुकानमालिकेवर दावा लावला. कंपनीचा युक्तिवाद असा की अपंगत्वविषयक कायदा दुकानाच्या जागेला लागू होतो, संकेतस्थळ ही जागा नव्हे. न्यायालयाने पाहिले की संकेतस्थळ दुकानाशीच जोडलेले आहे. त्याचे दार बंद म्हणजे दुकानाच्याच सेवांचे दार काही अंशी बंद. त्यामुळे खटला फेटाळला गेला नाही. २००८ मध्ये ६० लाख डॉलरवर तडजोड झाली.

२०/ त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डब्ल्यू३सीच्या तत्त्वांची दुसरी आवृत्ती आली. तिचे चार खांब आजही कायम आहेत. मजकूर कोणत्या तरी इंद्रियाने जाणवला पाहिजे. प्रत्येक क्रिया माउसवाचूनही करता आली पाहिजे. मांडणी समजली पाहिजे. आणि हे सारे निरनिराळ्या यंत्रांवर व सहायक साधनांवर टिकले पाहिजे. २०१८ आणि २०२३ मध्ये आलेल्या आवृत्त्यांनी मोबाइल, मंददृष्टी, बोटांच्या हालचाली यांसंबंधीचे नियम त्यात जोडले.

२१/ या नियमांचा लाभ केवळ अंधांना नाही. कर्णबधिर ग्राहकाला ‘चौकशीसाठी फोन करा’ एवढीच सोय म्हणजे बंद दार. लेखी संदेशाचा मार्ग हवा, चित्रफितीखाली मजकूर हवा. हात थरथरणाऱ्या माणसाला इवलीशी बटणे टिपता येत नाहीत. मोतीबिंदू असलेल्या आजोबांना पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे दिसत नाहीत. म्हणून साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ इतका विरोध सांगितला आहे. वाचनअक्षमता असलेल्याला स्पष्ट शीर्षके आणि छोटे परिच्छेद आधार देतात.

२२/ भारताचा कायदा येथवर पोहोचायला वेळ लागला. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाच्या वेळी व्यापारी संकेतस्थळ ही गोष्टच जवळजवळ नव्हती. १ ऑक्टोबर २००७ रोजी भारताने दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला अनुसमर्थन दिले. त्याला अनुसरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले. कलम ४६ ने सांगितले की सेवा देणारा, मग तो सरकारी असो वा खासगी, सुगम्यतेच्या नियमांप्रमाणे सेवा देईल. मुदत नियम निघाल्यापासून दोन वर्षे. नियम जून २०१७ मध्ये निघाले. म्हणजे मुदत जून २०१९ मध्येच सरली.

२३/ कागदावरचे कलम जिवंत होण्यासाठी तक्रारदार लागतो. नागपूरात वाढलेले, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेले दृष्टिहीन वकील राहुल बजाज यांनी ‘प्रॅक्टो’ या आरोग्यसेवेच्या ॲपविरुद्ध मुख्य आयुक्तांकडे दाद मागितली. स्क्रीन रीडरने ते नीट वापरता येत नाही, ही तक्रार. आयुक्तांनी कायदा खासगी कंपनीलाही लागू असल्याचे मान्य करून ॲप सुगम्य करण्यास सांगितले. डॉक्टरांची वेळ घेण्यासारखी साधी गोष्ट. पण ‘खासगी’ या शब्दाआड लपता येणार नाही, हे त्यातून ठरले.

२४/ नेमके कोणते मानक पाळायचे, हाही प्रश्न होता. भारतीय मानक ब्यूरोने ‘आयएस १७८०२’ हे मानक २०२१ आणि २०२२ मध्ये दोन भागांत काढले. मे २०२३ मध्ये ते नियमांत आले. पुढे राजीव रतुरी यांची २००५ पासून चाललेली याचिका निर्णायक टप्प्यावर आली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या कारकिर्दीतील कामकाजाच्या शेवटच्या दिवशी, त्यांच्या खंडपीठाने २०१७ च्या नियमावलीतील नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा सक्ती सांगतो आणि नियम केवळ शिफारसी करतात, हे चालणार नाही, असा त्याचा आशय. सक्तीचे किमान नियम तीन महिन्यांत करण्याचा आदेश सरकारला मिळाला.

२५/ पाठोपाठ ३० एप्रिल २०२५ चा निकाल आला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना बँकेत खाते उघडताना ‘डोळे मिचकावा’ असे यंत्र सांगत होते. त्यांना ते शारीरिकदृष्ट्या शक्य नव्हते. दृष्टिहीन वकील अमर जैन यांचीही याचिका सोबत होती. न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांनी डिजिटल सेवा वापरता येणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानले आणि वीस निर्देश दिले. १९५१ मध्ये वाचण्यापुरता असलेला प्रश्न आता जगण्याच्या हक्कापर्यंत आला होता.

२६/ येथे छोट्या व्यावसायिकाची बाजूही ऐकली पाहिजे. चार माणसांच्या धंद्याने मानकांची जाडजूड कागदपत्रे कशी वाचावीत? ही तक्रार खोटी नाही. तिच्यावरच ‘एक ओळ जोडा, संकेतस्थळ सुगम्य करा’ म्हणणाऱ्यांचा बाजार उभा राहिला. पण मेनूच्या चित्रात काय लिहिले आहे, गाळलेल्या नावाचे बटण कशाचे आहे, हे अशा झटपट साधनाला खात्रीने सांगता येत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये ‘ॲक्सेसिबी’ या कंपनीला अशाच फुगवलेल्या दाव्यांबद्दल १० लाख डॉलर भरायला लावले.

२७/ खरे उपाय बहुधा अधिक साधे असतात. मेनू आणि दर युनिकोड मराठीत टंकलिखित करावेत. चित्र हवे तर सोबत राहू द्यावे, पण त्याचे वर्णन द्यावे. प्रत्येक बटणाला नाव आणि अर्जातील प्रत्येक चौकटीला लेबल द्यावे. पानाची भाषा मराठी आहे हे संकेतात नोंदवावे, नाही तर यंत्र इंग्रजी किंवा हिंदी आवाज लावते आणि ‘चमचा’चा ‘च’ परका होतो. फोन क्रमांकाशेजारी लेखी संदेशाची सोय ठेवावी. वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणारी परीक्षा काढून टाकावी. हे काम संकेतस्थळ करवून घेतानाच सांगितले तर वेगळा खर्च फारसा येत नाही. नंतर करायचे म्हटले की तो वाढतो.

२८/ तपासणीही घरच्या घरी सुरू करता येते. माउस बाजूला ठेवून केवळ टॅबच्या कळेने ऑर्डर पूर्ण होते का, ते पाहावे. बहुतेक अँड्रॉइड फोनांत ‘टॉकबॅक’ आणि आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ आधीपासूनच असतो. तो सुरू करून, डोळे मिटून, आपल्याच दुकानातून एक डबा मागवून पाहावा. कोठे अडले, ते चटकन कळते. मग खऱ्या दिव्यांग ग्राहकाला विचारावे; या क्षेत्रातला त्याच्याइतका जाणकार दुसरा नाही.

२९/ हा ग्राहक किती जणांचा? २०११ च्या जनगणनेत, अपंगत्वाची व्याख्या अजून आखूड असताना, महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली होती. पण हा सगळा इतिहास संख्येच्या बळावर घडलेला नाही. तो घडला तो एकेकट्या माणसांच्या हट्टातून: बँकेत धनादेश पुस्तिका मागणाऱ्यांच्या, ऑलिंपिकचे पान वाचू पाहणाऱ्याच्या, डॉक्टरांची वेळ स्वतः घेऊ इच्छिणाऱ्याच्या. त्यांची मागणी सवलतीची नव्हती. आपला व्यवहार आपल्याला करू द्या, एवढीच होती.

३०/ भारती ब्रेल करणाऱ्यांनी अक्षराचे रूप आणि अक्षर यांत फरक केला. इस्की आणि युनिकोडने तोच केला. तो फरक पोळीभाजी केंद्राच्या संकेतस्थळापर्यंत पोहोचणे बाकी आहे. ज्या दिवशी तो पोहोचेल, त्या दिवशी वारज्यातली ती शिक्षिका संध्याकाळी घरी येईल, फोनवर मेनू ऐकेल, भरल्या वांग्याऐवजी मटकीची उसळ निवडेल, पैसे भरेल, आणि यातले काहीही शेजाऱ्याला वाचून मागावे लागणार नाही.

(धागा समाप्त)